फ्रॉकचा बोळा

"इथली वाऱ्याची जाळी कुठं गेली गं?" ओर्फेलियाबाईंनी विचारलं तेव्हा लिंदाल्वा कप पुसत होती. कप हातातून पडला नाही की फुटला नाही, तिनं तो नीट उपडा घातला, फडक्याची घडी केली आणि म्हणाली, "आहे की. त्या पाटीच्या मागं आहे." हे खोटं नव्हतं. जाळी पाटीच्या मागंच होती. पण बोलताना तिचा आवाज उगीचच गोड झाला आणि तो तिचा तिलाच ऐकू आला. ओर्फेलियाबाई सत्तरीच्या, शेजारच्याच घरातल्या. कॅफेच्या उद्घाटनाच्या तळणीसाठी भोपळा घालून मळलेली कणीक घेऊन आल्या होत्या. पातेलं ओट्यावर ठेवून त्या भिंतीलगतच्या गॅसच्या शेगडीपुढं गुडघे धरून वाकल्या. "आणि ही ज्योत बघ. निळी पाहिजे, निळी. ही पिवळीधमक. असल्या ज्योतीला आमच्यात मयताची मेणबत्ती म्हणतात." "नवी शेगडी आहे बाई," लिंदाल्वा म्हणाली. "नवी असू दे नाहीतर बिशपनं पाणी शिंपडलेली असू दे. खोलीत वारा आला नाही की ती विष सोडते. ना वास, ना रंग. माझा धाकटा दीर असाच गेला, बायकोसकट. थंडी लागते म्हणून जाळीत गोधडी कोंबून निजले होते. सकाळी दार फोडलं तर दोघं कशी गुलाबी गुलाबी, गाढ झोपल्यासारखी! जन्मात कधी इतका देखणा दिसला नव्हता मेला." स्वतःच्याच बोलण्यावर त्या खुदकन हसल्या, छातीवर क्रूस काढला आणि कमरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "पास्टर आले की सांग, गॅसवाल्याला बोलवा म्हणावं. आणि दार जरा किलकिलं ठेव. तुम्ही गरम मुलखातली माणसं, दार दिसलं की लावूनच घेता."

बाई दाराकडे वळल्या. लिंदाल्वाला भीती एकदम वाटली नाही. आधी पायाची बोटं गार पडली, आणि मग कानात एक बारीक सूर धरल्यासारखं काहीतरी वाजायला लागलं. गेले काही दिवस हा सूर तिच्या कानात होताच. उपासानं होतंय असं ती धरून चालली होती. आतल्या खोलीत केझिया, तिची सात वर्षांची पोर, डोकं दुखतंय म्हणून शाळेतून लवकर येऊन पडली होती. लिंदाल्वा आत धावली नाही, चालत गेली, कारण धावली असती तर ओर्फेलियाबाईंनी विचारलं असतं, काय गं झालं. पोर भिंतीकडे तोंड करून झोपली होती. गाल लाल होते. इतके दिवस ह्या लाल गालांचं तिला केवढं कौतुक! आईला फोटो पाठवताना तिनं लिहिलं होतं, बघ, थंडी पोरीला मानवली. आता ते गाल बघून तिच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं केझियाला गोधडीसकट उचललं, तशीच बाहेर आणली, आणि फुटपाथवर पोचलेल्या म्हातारीच्या मागून ओरडली, "ओर्फेलियाबाई! हिला न्या ना तुमच्याकडे. मला खूप काम पडलंय, ही मधेमधे करते." "झोपलेली पोर मधेमधे करते?" "न्या ना!" म्हातारीनं एकवार तिच्याकडे नीट पाहिलं आणि हात पुढं केले. रस्त्यावर बर्फाचा कडक थर होता आणि अडीच वाजताच ऊन पिवळं पडून छपरांवरून उतरायला लागलं होतं. गार हवा लागली तशी केझिया जागी झाली आणि कुरकुरली, "आई, माझे बूट." बूट मागितले म्हणजे पोर शुद्धीत आहे, लिंदाल्वाच्या मनात आलं, आणि तिला रडूच फुटलं. पण ते तिनं दार लावून घेतल्यावर फुटू दिलं. दार लावलं, आणि मग जीभ चावून पुन्हा सताड उघडलं.

आपल्या हातानं केलं होतं तिनं हे. कुणी सांगितलं नव्हतं. ब्राझीलच्या उत्तरेकडल्या मोसोरोत ती जन्मली, तिथं जून काय नि डिसेंबर काय, दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही. तिच्या आईच्या घराची पुढची भिंत अख्खी भोकाभोकांच्या विटांची. वारा त्यातून सरळ मागच्या परसात जायचा, आणि संध्याकाळी भोकाभोकातून शेजारणीच्या घरातल्या भांडणाचा एकेक तुकडा आत यायचा. आई म्हणायची, माणसाला दोन नाकपुड्या पुरतात, घराला शंभर लागतात. आणि तिथून हे तिघं, तिचा नवरा पास्टर ओबेद, ती आणि पोर, चिलीच्या अगदी टोकाला, पुंता आरेनासला येऊन उतरले एप्रिलमध्ये, थंडीच्या तोंडावर! ओबेदचं म्हणणं, उन्हाळ्यात माणसाला कोण लागतं? हिवाळ्यात त्याला ऊब लागते, गरम कप लागतो, बोलायला कुणीतरी लागतं. म्हणून हे कॅफे. कुणीही यावं, कॉफी प्यावी, पटलं तर प्रार्थनेला थांबावं. नाव 'ला लुंब्रे', म्हणजे चुलीतला जाळ. भाड्याच्या त्या जागेत, पुढं कॅफे आणि मागं बिऱ्हाड, भिंतीच्या पायथ्याशी वीतभर पत्र्याची जाळी होती आणि तिच्यातून दिवसरात्र सुरीसारखी थंडी आत यायची. मे महिन्यात एका सकाळी ओबेद बाहेर गेला असताना लिंदाल्वा तिच्यापुढं उकिडवी बसली आणि तिला वाटलं, काय वेंधळे गवंडी! एवढ्या थंडीच्या गावात भिंतीला भोक ठेवून गेले. तिनं केझियाचा एक बिनबाह्यांचा पिवळा फ्रॉक घेतला. इथं तो जन्मात उपयोगी पडणार नव्हता. प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याचा बोळा केला, जाळीत कोंबला, वरून रुंद चिकटपट्टी लावली. तासाभरात खोली अशी उबदार झाली की तिनं स्वेटर काढून ठेवला. ओबेद आला, हात चोळत म्हणाला, "आज काय छान वाटतंय गं घरात! देवाची कृपा." तिनं त्याला सांगितलं नाही. कृपा तर कृपा, असू दे. नंतर त्यानं स्वतः रंगवलेली कॅफेची मोठी पाटी नेमकी तिथंच ठोकली आणि पुढं कपांची मांडणी उभी केली. ती त्याला म्हणाली होती, इथं छान दिसतेय.

आणि मग एकेक गोष्ट आपली जागा सोडून दुसऱ्या जागी जाऊन बसायला लागली. केझिया शाळेत हुंदडायची आणि घरी आली की डोकं धरून बसायची. लिंदाल्वानं तिला एकदा दंडाला धरून गदागदा हलवलं होतं. शाळेत बरी नाचतेस! घरात पाय ठेवला की दुखायला लागतं होय गं? सोंगाडी कुठली! पोर म्हणाली होती, खरंच दुखतंय आई, देवाशप्पथ. त्यावर पाठीत एक बसली होती, शपथ घेतली म्हणून. ओबेदनं दुसरा अर्थ लावला. उद्घाटन जवळ आलं की सैतान, तो वैरी, लेकरावर घाव घालतो, तो म्हणाला, आणि दोघांनी तीन दिवस उपास धरला. दारं-खिडक्या लावून, शेगडी मोठी करून, बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून तासन्‌तास गुडघ्यांवर बसले. लिंदाल्वाला घेरी यायची, शब्द लांबून यायचे, आणि तिला वाटायचं, आता, आता काहीतरी होतंय. किती बरं वाटायचं तेव्हा! मोसोरोत इतकी वर्षं प्रार्थना केली, आजूबाजूच्या बाया देवाचा हात लागून धडाधड पडायच्या, रडायच्या, हसायच्या, आणि ही खांबासारखी उभीच. इथं येऊन पहिल्यांदा तिला वाटलं होतं की आपल्यालाही कुणीतरी हात लावतंय. तेही गेलं आता. एका म्हातारीनं वाकून ज्योत बघितली आणि तेही गेलं. तिला त्या एका क्षणी ओर्फेलियाबाईंचा असा राग आला की पातेल्यातली ती कणीक उचलून रस्त्यावर फेकावी. मेलीला काय नडलं होतं वाकायला!

पण खरी गोष्ट पुढंच होती, आणि तिच्यापाशी यायला मन धजत नव्हतं. आपली पोर बाहेर काढून झाल्यावर, दार उघडून झाल्यावर, रडून झाल्यावर मग तिला मिर्लांद आठवली. एवढ्या वेळानं! मिर्लांद हैतीची, चोवीस वर्षांची, नवरा मासेमारीच्या बोटीवर, महिना महिना समुद्रात. मांडीवर आठ महिन्यांचा केर्व्हिन. वर टेकाडाकडच्या गल्लीत एका घराच्या मागच्या अंगाला खोली घेऊन राहायची, तिथंही अशीच गॅसची शेगडी. तीही उन्हातली. पहिल्यांदा कॅफेत आली ती दोन्ही हात शेगडीवर धरून उभी राहिली आणि म्हणाली, ताई, माझ्या खोलीत एक भोक आहे भिंतीत, त्यातून भूत येतं थंडीचं. आणि लिंदाल्वा हसली होती. अगं वेडे, त्यात काय एवढं! मोठ्या बहिणीच्या थाटात ती तिच्याबरोबर टेकाडावर गेली, केझियाचा दुसरा जुना फ्रॉक घेऊन, निळ्या फुलांचा. पिशवी, बोळा, चिकटपट्टी. "बघ आता तासाभरात." मिर्लांदनं तिचे हात हातात घेऊन ते कपाळाला लावले होते. आपल्याला कधी नव्हे ते काहीतरी येतं, आणि ते दुसऱ्याला शिकवता येतं, ह्याचा केवढा आनंद झाला होता तिला! उताराला लागल्यावर ती गाणं म्हणत आली होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

आणि तीच मिर्लांद गेल्या रविवारी प्रार्थनेत पडली. कॅफेत दहा-बाराजण, दारं बंद, शेगडी मोठी. ओबेदनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती मागच्या मागं, मुळापासून सुटल्यासारखी गेली. त्यांच्या मंडळीत प्रार्थनेत पडणं म्हणजे देवानं हात ठेवणं. पडलेल्याला कुणी उठवत नाही, अंगावर एक चादर टाकतात आणि गाणं म्हणतात. मिर्लांदवरही टाकली. कुणीतरी म्हणालं, हिला वारा द्या, आणि तिला उंबऱ्यात नेऊन टेकवलं. तिथं तिनं डोळे उघडले, हसली आणि म्हणाली, छातीवरचा दगड गेला. उंबऱ्यातच डोळे उघडले होते तिनं, गार हवेत. हे तेव्हा कुणाच्या लक्षातही आलं नाही. ओबेद त्या दिवशी लहान मुलासारखा नाचला. देवाच्या सेवेला लागून नऊ वर्षं झाली होती, पण त्याच्या हाताखाली अजून एकही माणूस पडलं नव्हतं. मोसोरोची मंडळी तोंडावर काही म्हणत नसत, पण पाठीमागं म्हणत, पास्टर सज्जन आहे हो, पण कोरडा. रविवारी त्यानं मोसोरोला फोन लावला आणि रडत रडत सगळं सांगितलं. आज चार वाजता उद्घाटन. तिकडं चर्चच्या मोठ्या पडद्यावर तीनशे माणसं हे कॅफे बघणार होती, आणि मिर्लांद त्यांना, देवानं आपल्यावर कसा हात ठेवला ह्याची, स्वतःच्या तोंडानं साक्ष देणार होती.

लिंदाल्वानं फोन लावला. मिर्लांदचा फोन वाजत राहिला आणि बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा. ती निघाली असेल, साडेतीनला यायचंय तिला, रस्ता निसरडा, कडेवर बाळ, फोन कसा घेणार? पटलं तिला. माणसाला पटवून घ्यायचं असलं की किती पटकन पटतं! मग तिनं सुरी घेतली, मांडणीच्या मागं हात घातला आणि पाटीचा पहिला स्क्रू सुरीच्या टोकानं फिरवायला लागली. गुपचूप काढायचा बोळा. पाटी परत लावायची. मिर्लांद आली की तिच्याबरोबर वर जायचं, काहीतरी निमित्त काढून तोही बोळा काढायचा. कुणाला काही कळायचं कारण नाही. केझिया बरी होईल, ओबेद म्हणेल, देवाची कृपा, आणि ती म्हणेल, होय बाई, कृपा. मिर्लांद पडली ती पडलीच राहील, ओबेदचा हात कोरडा नाही हेही राहील. कुणाचं काय बिघडतंय? देव काय गॅसमधून येऊ शकत नाही? हे मनात आलं आणि तिला स्वतःचीच किळस आली. सुरी घसरून अंगठ्याला लागली. स्क्रू अर्धा बाहेर आला होता आणि पाठीमागून ओबेद म्हणाला, "दार का सताड उघडं? आणि ते काय करतेस?"

तो खुर्च्या घेऊन आला होता, दोन दोन एकात एक अडकवून. नाक लाल, डोळ्यांत पाणी, आणि चेहरा असा उजळलेला की तिला त्याच्याकडे बघवेना. "पाटी तिरकी वाटली," ती म्हणाली. "तिरकी? लेव्हल लावून ठोकलीय मी! तू आज डोळ्यांनीच तिरकी झालीयस." तो हसला, पायानं दार लोटून दिलं, खुर्च्या मांडायला लागला. "अंगठ्याला काय झालं?" "काही नाही." "लिंदा, भ्यायलीस का गं? मीही भ्यायलोय. पण चांगलं भिणं असतं ना, तसं." ती म्हणाली, "ओबेद, ती शेगडी..." "हो हो, मोठी करतो. माणसं गारठून येतील." आणि त्यानं ती मोठी केली. पिवळी ज्योत फुगली. लिंदाल्वाला वाटलं आता बोलावं, आत्ता, ह्या घटकेला. तोंड उघडलं आणि त्यातून आलं ते असं: "मिर्लांद फोन उचलत नाही." "येईल गं. आज तर ती धावत येईल. सकाळी भेटली होती मला, जरा जड वाटतंय म्हणाली. मी म्हटलं, पोरी, भिऊ नको, देव परत येतोय तुझ्याकडे. आला की अडवू नको, आडवी हो आणि येऊ दे." तो खुर्चीचा पाय फरशीवर नीट बसवत होता. एक पाय डुगडुगत होता आणि त्याखाली तो कागदाची घडी सारत होता. लिंदाल्वा ओट्याला धरून उभी राहिली. त्याच्या मानेवर केस वाढले होते, कापायला हवे होते. ह्या माणसाशी लग्न करताना तिनं देवाला मागितलं होतं की ह्याचं कधी मन मोडू नये माझ्या हातून.

साडेतीन झाले. मिर्लांद आली नाही. पावणेचारला माणसं यायला लागली; बंदरावरचे दोन म्हातारे, लोकरीच्या टोप्या मुठीत चुरगाळत; एक विधवा बाई; व्हेनेझुएलाचं एक कुटुंब, त्यांची तीन पोरं शेगडीपुढंच फतकल मारून बसली. प्रत्येक जण आत आला की पाठीमागं दार लावून घ्यायचा आणि लिंदाल्वा जाऊन ते उघडायची. "वहिनी, गारठा येतोय हो," एक म्हातारा म्हणाला. दुसरा म्हणाला, "पास्टरीणबाईंना गरम होत असेल, ब्राझीलच्या त्या," आणि सगळे हसले. ती हसली. तिचा जबडा दुखत होता. तळणीच्या कढईसाठी ओर्फेलियाबाई आल्या, केझियाला हाताला धरून. पोर गालांचा लाल रंग घालवून चांगली फटफटीत होऊन आली होती आणि नाचत होती. "दूध प्याली, पाव खाल्ला, माझ्या मांजराची शेपूट ओढली," म्हातारी म्हणाली. "आजारबिजार काही नाही हिला." आणि मग आवाज खाली आणून: "ह्या घरातच काहीतरी आहे, पोरी." लिंदाल्वानं तिच्याकडे बघितलं नाही. भिंतीवरच्या घड्याळात चारला दोन मिनिटं होती. टेकाडावर जायला सात मिनिटं लागतात. अडीचला निघाली असती तर सहा वेळा जाऊन आली असती. दीड तास! दीड तास ती इथं कप पुसत होती, स्क्रू फिरवत होती, हसत होती.

ओबेदनं फोन स्टँडवर बसवला आणि मोसोरो आलं. तिथलं ऊन आलं, पंख्यांचा आवाज आला, तीनशे माणसांची गजबज आली. पहिल्या रांगेत तिची आई हातपंख्यानं वारा घेत बसलेली दिसली, टीचभर. "बंधूंनो, भगिनींनो," ओबेद म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. "इथं बाहेर उणे तीन आहे, आणि आत बघा!" सगळे हसले, इथले आणि तिथले. "आमची साक्ष देणारी बहीण अजून पोचायची आहे. पण आपण प्रार्थनेनं सुरुवात करू. लिंदा, ते दार लावून घे." ती दारापाशी उभी होती. एक हात कडीवर होता. "लिंदा, दार." "नाही," ती म्हणाली. ते इतकं हळू निघालं की फक्त जवळच्या म्हाताऱ्याला ऐकू आलं. मग ती मोठ्यानं म्हणाली, "नाही लावणार. उठा सगळे. बाहेर व्हा. त्या पोरांना आधी बाहेर काढा." ओबेद हसल्यासारखं करून फोनकडे बघत म्हणाला, "अगं, नंतर बोलू आपण." "नंतर नाही! जाळी मी बुजवलीय, ओबेद. मी. केझियाचा फ्रॉक कोंबलाय त्यात, तुझ्या पाटीमागं. शेगडी विष सोडतेय. पोरीचं डोकं वैऱ्यानं नाही दुखवलं, मी दुखवलं." व्हेनेझुएलाच्या बाईनं आपली पोरं शेगडीपुढून ओढली. "आणि मिर्लांद..." ओबेद तिच्याकडे असा बघत होता, जणू ती त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढत होती. "मिर्लांद पडली ती ह्या गॅसनं पडली. आणि तिच्या खोलीतली जाळी पण मीच बुजवलीय. मी शिकवलं तिला. ती फोन उचलत नाही रे ओबेद, अडीचपासून उचलत नाही!"

ती धावली. कोट न घालता, चपटे बूट घालून, टेकाडाच्या रस्त्यावर, आणि दोनदा आपटली. मागं ओर्फेलियाबाईंचा आवाज येत होता, "शेगडी विझवा! अँब्युलन्सला फोन करा कुणीतरी, खांबांसारखे काय उभे राहिलात!" पण तिला तो पाण्याखालून यावा तसा येत होता. श्वास छातीत काचा फोडत होता. घरं लाल, हिरवी, पत्र्याची, एकेकातून पिवळा दिवा, आणि प्रत्येक भिंतीच्या पायथ्याशी वीतभर जाळी. ह्या गावात प्रत्येक घराला ती होती, आणि इतके दिवस तिला एकही दिसली नव्हती. देवा, मी काही मागत नाही, ती म्हणत होती, मला पडायचं नाही, मला तुझा हात नको, ओबेदची सेवा जाऊ दे, आम्हाला परत जाऊ दे तोंड काळं करून, फक्त ते पोर. ते पोर आणि त्याची आई. माझी पोर मी आधी काढली रे. तुला दिसलंच असेल ते.

मिर्लांदच्या खोलीचं दार आतून बंद होतं. लिंदाल्वा मुठींनी ते बडवत होती, हाका मारत होती, आणि आतून काही नाही. मग कुणीतरी तिला बाजूला सारलं. ओबेद होता. तो तसाच धावत आला होता, डाव्या हातात स्टँडसकट फोन धरून, त्याचं त्यालाच भान नव्हतं. त्यानं खांदा लावला, एकदा, दोनदा, तिसऱ्याला कडी उखडली. आतून ऊब आली, ओली, गोडसर, छान ऊब. मिर्लांद पलंगावर उताणी होती, साक्षीसाठी घातलेला पांढरा झगा चुरगळू नये म्हणून पायांवर नीट सारखा केलेला, हात छातीवर. शेजारी केर्व्हिन. लिंदाल्वानं त्याला उचललं तेव्हा त्याची मान तिच्या हातावरून लोंबली. ती बाहेर आली आणि अंगणातल्या बर्फावर बसली, त्याला उघड्या हवेत धरून, पाठीवर थापट्या मारत, तोंडावर फुंकर घालत, "रड ना रे, रड ना राजा," म्हणत. ह्या बाईनं आपल्या पोरीला दुखतंय म्हणाली म्हणून मारलं होतं. कितीतरी वेळ काहीच झालं नाही. किती वेळ ते तिला पुढं कधीच सांगता आलं नाही. मग पोराच्या अंगातून एक उचकी गेली, तोंड वाकडं झालं, आणि आधी मांजराच्या पिलासारखा आणि मग चांगला खणखणीत आवाज आला.

ओबेदनं मिर्लांदला काखांत धरून ओढत बाहेर आणलं होतं. ती पायरीवर ओकली, धापा टाकत राहिली, आणि डोळे उघडल्यावर तिला पहिल्यांदा दिसला तो. तिचा चेहरा उजळला. "पास्टर," ती म्हणाली, "परत आला होता तो. सगळं जड झालं आणि मग हलकं हलकं. तुम्ही म्हणाला होता ना, अडवायचं नाही. मी नाही अडवलं. बाळाला शेजारी घेतलं आणि आडवी झाले." ओबेद गुडघ्यांवर होता. बर्फात फोन आडवा पडला होता आणि त्यातून मोसोरोची माणसं एकदमच बोलत होती, कुणी गाणं धरलं होतं, आणि लिंदाल्वाला आईचा आवाज ऐकू आल्यासारखा वाटला. खालच्या रस्त्यावर अँब्युलन्सचा भोंगा वळण घेत होता. तिनं ओबेदकडे बघितलं. त्यानं मिर्लांदच्या डोक्यावर ठेवायला हात उचलला होता, सवयीनं, तो तिथंच थांबला, आणि मग त्यानं तो तिच्या पाठीमागं घालून तिला टेकवून धरलं. "तो नव्हता, पोरी," ओबेद म्हणाला. "गॅस होता." मिर्लांद त्याच्याकडे बघत राहिली, समजलं नाही तिला. फोनमधलं गाणं थांबलं. कुणीतरी तिकडून म्हणालं, "पास्टर, नीट ऐकू आलं नाही. काय म्हणालात? परत सांगा."

ओबेदनं फोन उचलला, त्यावरचा बर्फ बाहीनं पुसला आणि परत सांगितलं. आजचंही आणि गेल्या रविवारचंही. लिंदाल्वाच्या मांडीवर केर्व्हिन गळा काढून रडत होता आणि ती त्याला गप्प करत नव्हती.